धाकटे मालक

तालुक्याच्या गावाबाहेर एखादा एन.ए. प्लॉट घ्यावा, त्यावर खडीचा एक ढीग, क्रश सँडचा एक ढीग टाकावा, सिमेंटसाठी पत्र्याची शेड ठोकावी. चार दिवसांत तिथे एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा उगवतो. पायांत वडिलांच्या जुन्या चपला, हाफ पँटच्या खिशात टेप आणि हातात पाण्याचा हिरवा पाइप. इंजिनीअर बोलावल्यावर येतो, वडील ऑफिस सुटल्यावर येतात, आई रविवारी डबा घेऊन येते. हा मात्र कायम हजर.

कराडच्या आजूबाजूला असे मी पुष्कळ पाहिलेत. त्यातला एक आमच्या शेजारच्याच प्लॉटवर दसऱ्यापासून ज्येष्ठापर्यंत राबला. वडील चिडले की त्याला ‘चिरंजीव’ म्हणायचे. विजापूरकडचे मिस्त्री ‘धाकटे मालक’ म्हणायचे. मालकी एवढीच, की वडील नसताना चहाचे पैसे याच्याकडे मागायचे आणि किटली घेऊन यालाच पाठवायचं.

मुलगा दहावीत होता. पण ही गोष्ट त्या वर्षी घरात फारशी कुणाच्या लक्षात नव्हती.

लाइन आऊटच्या दिवशी चुन्याच्या रेघा मारायला सुरुवात झाली तेव्हा मिस्त्रींनी कोपऱ्यात खुंटी ठोकली, एका दोरीवर तीन फुटांची खूण केली, दुसरीवर चार फुटांची आणि दोन खुणांमध्ये टेप धरून म्हणाले, ‘पाच. मिळाला गुण्या.’ धाकटे मालक थरारले. दहावीच्या गणित भाग 2 मधला दुसराच धडा त्यांच्या डोळ्यांदेखत जमिनीवर उतरला होता.

‘मिस्त्रीकाका, हे पायथागोरसचं आहे!’

‘असंल,’ मिस्त्री दोरी ताणत म्हणाले. ‘कुणाच्या साइटवर असतो?’

त्या दिवसापासून पुस्तकावरचा त्याचा विश्वास वाढला आणि पुस्तक उघडणं कमी झालं.

नकाशात त्याच्या नावाची एक खोली होती: दहा बाय बारा, पूर्वेला खिडकी. जोतं झाल्यावर त्याने ती पहिल्यांदा पाहिली आणि हादरला. भिंती नसताना कुठलीही खोली कोंबड्याच्या खुराड्याएवढी दिसते. भिंती चढल्या की तीच मोठी वाटायला लागते. घर बांधलेल्या प्रत्येकाने हा धसका खाल्लेला असतो. पण याला ते कोण सांगणार? त्या संध्याकाळी तो जोत्यावर चक्क उताणा झोपला, हात डोक्यावर ताणले आणि खडूने खुणा केल्या. इथे पलंग, इथे टेबल. टेबलापर्यंत गेल्यावर दार उघडायला जागा उरेना. मग तो उठला, वळला आणि दुसऱ्या दिशेने झोपला.

खोली पुढे खरोखरच लहान होत गेली, तो भाग वेगळा. वास्तुशास्त्र जाणणारे एक गृहस्थ आले. त्यांनी देवघर ईशान्येला सरकवलं, त्या धक्क्याने जिना हलला आणि जिन्याने खोलीचे दोन फूट खाल्ले. मग मावशीला वाटलं की धान्याच्या कोठीला जागाच नाही. पुण्यात हॉस्टेलवर राहणाऱ्या ताईने फोनवरून मोजून तीन वाक्यांत स्वतःच्या खोलीला अटॅच बाथरूम मिळवलं, त्याची भिंत अर्थातच इकडून आत आली. शेवटी मिळाली ती आठ बाय नऊ, वर माळा आणि कोपऱ्यात इन्व्हर्टरची जागा. ‘तू आता बाहेरच शिकायला जाणार ना,’ आई म्हणाली. वर्षभर साइट सोडून कुठेही जायची परवानगी नसलेल्या मुलाला हे सांगितलं गेलं.

पाणी मारणं हे धाकट्या मालकांचं मूळ खातं. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी क्लास सुटल्यावर. कॉलमला गुंडाळलेली गोणपाटं भिजवायची, विटा बांधकामाआधी भिजवायच्या, बांधकाम झाल्यावर पुन्हा भिजवायचं, आणि स्लॅबवर सिमेंट-वाळूची आळी करून तळं राखायचं. कुणी सहज विचारलं, ‘काय रे, वाळलं का सिमेंट?’ तर तो खवळायचा.

‘काका, सिमेंट वाळत नसतं! पाण्याशी त्याची रासायनिक अभिक्रिया होते. लवकर वाळलं तर कच्चं राहतं. सात दिवसांत दोन तृतीयांशाच्या आसपास ताकद येते, पुरती अठ्ठावीस दिवसांनी. आणि पीपीसी असेल तर किमान दहा दिवस पाणी पाहिजे.’

मी त्याला दूध मिळालं का एवढंच विचारायला गेलो होतो.

ही या जातीची खरी खूण. दिवाळीपर्यंत मुलगा गरीब असतो. संक्रांतीपर्यंत तो असह्य होतो. वर्गसमीकरणाचं सूत्र विचारा, छताकडे बघेल. सळीचं वजन विचारा: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे बारा एमएमची सळी मीटरमागे साधारण 890 ग्रॅम. खडीचा डंपर आला की ड्रायव्हर खाली उतरायच्या आत हा मागच्या चाकावर पाय देऊन हौद्यात. लांबी, रुंदी, उंची, भागिले शंभर, किती ब्रास. ड्रायव्हरने एकदा ‘हा कोण?’ असं डोळ्यांनीच विचारलं. मिस्त्री म्हणाले, ‘मालक.’ आणि दोघंही तिकडे तोंड फिरवून हसले.

मामेभावाच्या लग्नात याने नवरदेव पाहिलाच नाही. कार्यालयाच्या फरशीवर दहा रुपयांचं नाणं आपटत तो मांडवभर फिरला आणि ऐन मंगलाष्टकांत आईच्या कानाशी लागला, ‘स्टेजसमोरच्या सहा फरशा पोकळ वाजतायत.’

घर बांधणाऱ्या कुटुंबात मुलाच्या प्रत्येक मागणीला एकच उत्तर असतं: ‘घर होऊ दे, मग.’ बूट? घर होऊ दे. सहलीला जाऊ? घर होऊ दे. याला बिचाऱ्याला चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगायचं होतं, तर तेही घर होण्यावर गेलं. बँक पैसे टप्प्याटप्प्याने सोडते. जोतं झालं की एक हप्ता, स्लॅब झाला की पुढचा. वडिलांचा स्वभावही त्याच टप्प्यांनी खुलायचा आणि मिटायचा. चिरंजीवांना ते वेळापत्रक पाठ होतं. चिठ्ठीवर सही हवी असेल तर तो हप्ता जमा झाल्याचा मेसेज यायची वाट बघायचा.

स्लॅब आणि पूर्वपरीक्षा एकाच आठवड्यात आल्या. कुठली पुढे ढकलायची याची घरात रीतसर चर्चा झाली, म्हणजे बघा. स्लॅब पुढे जाणं शक्य नव्हतं, कारण सेंट्रिंगच्या प्लेटांचं भाडं चालू होतं. सकाळी सातला नारळ फुटला, मिक्सर धडधडायला लागला. धाकट्या मालकांना पोती मोजायचं काम मिळालं. एका पोत्याला किती घमेली वाळू, किती घमेली खडी, याचा हिशेब तो विज्ञानाच्या प्रयोगवहीच्या मागच्या पानांवर उभ्या-आडव्या रेघा ओढून ठेवत होता. मध्येच मामा पांढऱ्याशुभ्र शर्टात आले, कमरेवर हात ठेवून ‘माल पातळ वाटतोय’ म्हणाले, लिफ्टच्या घमेल्यातून एक शिंतोडा अंगावर घेतला आणि शर्ट धुवायला निघून गेले. मुलाने कव्हर ब्लॉक कुठे सरकलेत ते वाकून वाकून दाखवलं. त्यातले दोन खरंच सरकले होते. मिस्त्रींनी मुकाट्याने नीट लावले. त्याच्या शिक्षणाबद्दलचं एवढं मोठं प्रशस्तिपत्रक त्याला शाळेने कधी दिलं नव्हतं.

दुपारी कामगारांच्या पंगतीत मसालेभात आणि जिलेबी. याला वाढपी केलं. स्वतः जेवायला बसला तेव्हा पातेल्यात करपलेला तळ होता, आणि तोही त्याने फावडं मारल्याच्या आवेशात साफ केला.

दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर. आदल्या रात्री अवकाळीचं वातावरण झालं म्हणून हा बॅटरी घेऊन साइटवर, पोत्यांवर ताडपत्री ओढत. पेपरात पायथागोरस आला आणि त्याने तो लिहिलाही छान. बाकीचे धडे मिस्त्रींना येत नसल्यामुळे यालाही आले नाहीत. बोर्डाच्या परीक्षेत मात्र निभावला, कारण मार्चमध्ये पैसे संपून काम तीन आठवडे बंद होतं.

एप्रिलात गिलावा. बोअरचं पाणी आटलं, टँकर लागले, आणि हा आता पाणी अंगणातल्या आंब्याच्या रोपालाही देईना. ‘आधी भिंत,’ म्हणायचा.

ज्येष्ठात वास्तुशांत झाली. वडील येणाऱ्या प्रत्येकाला घर फिरून दाखवत होते. ‘सगळं स्वतः उभं राहून करून घेतलं,’ हे वाक्य प्रत्येक खोलीत. आठ बाय नऊमध्ये पाहुण्यांच्या बॅगा रचल्या होत्या, त्यामुळे तिचं दार नुसतंच लोटून ‘ही आपली छोटी खोली’ झालं. चिरंजीव नव्या शर्टात होते. काम तेच. हातात ट्रे, ट्रेमध्ये ग्लास, पाहुण्यांना पाणी.

मिस्त्रींना टॉवेल-टोपीचा आहेर झाला. टोपी डोक्यावर नीट बसवून ते वडिलांना म्हणाले, ‘मालक, एक मागणं हाय. मलकापूरला नवी साइट धरलीया. पाणी मारायला भरवशाचा माणूस मिळंना. सुट्टीत पोरगं द्या. रोज चारशे देतो.’

वडील मोठ्याने हसले. ‘अहो मिस्त्री, त्याचं आता कॉलेज, ॲडमिशन...’

ट्रे तसाच धरून मुलगा मध्ये उभा होता. ओठ हलत होते. बोटं ट्रेच्या काठावर पुढे सरकत होती: दसरा, दिवाळी, संक्रांत, शिमगा.

‘मिस्त्रीकाका,’ तो वडिलांकडे बघत म्हणाला, ‘आणि मागचे?’