शून्यातून किती वाचणार?

अफजलपुरात ज्याच्या घराला छत आहे, त्याला हल्ली कट्ट्यावर निवांत बसता येत नाही. टेकला रे टेकला की सोलरवाला हजर. हातात गुळगुळीत पत्रक आणि तोंडात एकच पालुपद : "मास्तर, बिल शून्य होणार बघा!"

पंचाईत अशी, की मास्तरांचं बिल आधीच शून्य येतं. कर्नाटकाच्या गृहज्योती योजनेचा नारळ मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी ५ ऑगस्ट २०२३ रोजी फोडला, तोही याच जिल्ह्यात, कलबुर्गीत. वर्षाची सरासरी, वर दहा टक्के, आणि दोनशे युनिटांच्या आत राहिलात तर बिल माफ. "शून्यातून आणखी किती वाचणार?" मास्तरांनी विचारलं. पोरानं पत्रक उलटं केलं. मागच्या बाजूला केंद्राची पीएम सूर्यघर योजना : महिन्याला तीनशे युनिटांपर्यंत मोफत. राज्य दोनशे म्हणतं, केंद्र तीनशे. लिलाव चालू आहे.

तरीही मास्तर पोराला हाकलत नाहीत. कारण वैशाख. दोन कूलर रात्रभर घरघरले की मीटर दोनशेच्या पुढं सरकतो, आणि एकदा सरकला की सवलत गुल, सगळ्या युनिटांचे पैसे.

मग चौकशी सुरू होते. अनुदानाचा पाढा पोराला तोंडपाठ : पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी तीस हजार, तिसऱ्याला अठरा, एकूण ७८ हजार, पुढं कितीही बसवा. मात्र हे पैसे संच बसून तपासणी झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतात, एवढा तपशील तो गाळतो. "ते आम्ही बघतो सर, तुम्ही फक्त ओटीपी सांगा."

"आणि करंट गेल्यावर?"

"सोलर आहे की, सर!"

आहे, पण बॅटरीविना विजेच्या जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर करंट गेला की स्वतःही बंद पडतो. खांबावर चढलेल्या लाईनमनला छपरावरून झटका बसू नये, म्हणून ती सोयच केलेली असते. म्हणजे भर दुपारी, डोक्यावर दीड लाखाच्या वर खर्चून मांडलेला सूर्य आणि खाली मास्तर पुठ्ठ्यानं वारा घेताहेत. हे पत्रकात छापलेलं नाही.

"आपल्याकडं ऊन किती! वीज धो धो येणार," हे पुढचं आश्वासन. पॅनेलवर छापलेली ताकद मोजतात ती पंचवीस अंशांवर. कलबुर्गीच्या मे महिन्यात काच साठीच्या वर तापते आणि उत्पादन दहा-बारा टक्क्यांनी घटतं. पॅनेलला उजेड हवा असतो, भाजणं नको.

खरी गंमत वर चढल्यावर. घराचा पुढचा भाग स्लॅबचा, मागचा जुन्या माळवदाचा. तीन किलोवॉटला सुमारे तीनशे चौरस फूट लागतात. पोरानं टेप धरली आणि पॅनेलांच्या सांगाड्याचे अर्धे पाय बिनदिक्कत माळवदावर आखले. गळायला लागलं तर? "सिलिकॉन मारून देऊ." अर्थिंगचे खड्डे कुठं? "एक पुरे की." वीज-रोधकाचा वेगळा, एसी-डीसीचे वेगळे असायला हवेत, असं मास्तरांनी सांगितल्यावर तो पहिल्यांदा गप्प बसला. पाच वर्षं देखभाल करायची जबाबदारीही बसवणाऱ्याचीच असते, तेव्हा येणार कोण? "सोलापूरला आमच्या मेव्हण्याचं ऑफिस आहे." मराठीत बोलतो, म्हणून मेव्हणा जवळचा खरा, पण इथल्या वीज कंपनीच्या, जेस्कॉमच्या, हद्दीत काम करायला त्याची नोंदणी आहे का, हे योजनेच्या पोर्टलवरची यादी सांगेल, मेव्हणा नव्हे.

"बरं," मास्तर म्हणाले, "बसवून वर्ष झालंय असं तालुक्यातलं एक घर दाखव. मालकाशी मी बोलतो."

पोरानं मोबाईल पुढं केला. लालभडक कौलांचा बंगला, त्यावर चकचकीत पॅनेलं. मास्तरांनी चष्मा वर करून फोटो मोठा केला. बंगल्यामागं निळंशार पाणी, पाण्यात जहाज.

"कुठलं रे हे?"

"गाणगापूरच्या अलीकडचं, सर. भीमेला पूर आलेला ना, तेव्हा काढलाय."