पत्र मुलाचं, मजकूर मोठ्यांचा

परदेशी मुलांशी पत्रमैत्री हा शहरातल्या नामांकित शाळांचा लाडका उपक्रम. यात हस्ताक्षर तेवढं मुलाचं असतं. मजकूर वर्गशिक्षिका सांगतात, आई तो घरी सुधारते आणि मुख्याध्यापिका शेवटचा हात फिरवतात. त्यामुळे जपानमधल्या मुलाला कळतं, की महाराष्ट्रातली मुलं पहाटे सूर्यनमस्कार घालतात, दुपारी लेझीम खेळतात आणि उरलेला वेळ शिवनेरीवर काढतात. क्लास, दप्तराचं ओझं, रिक्षात कोंबलेली पोरं यांना ‘संस्कृती’त जागा नाही. मधल्या सुट्टीतला वडापाव खोडून तिथे पुरणपोळी येते, तीही रोज डब्यात असल्यासारखी.

तिकडून येणारं उत्तर साधं असतं. आम्ही वर्ग स्वतः झाडतो, पुसतो, जेवणही आम्हीच वाढतो. तुमच्याकडे वर्ग कोण झाडतं?

यावर शिक्षकांची बैठक बसते. मुलाने ‘मावशी’ असं खरं उत्तर लिहून टाकलेलं असतं. ते वेळीच हाती लागतं म्हणून बरं. स्वच्छतेच्या प्रभातफेरीचा फोटो पाठवायचं ठरतं. (खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत पोरंच वर्ग झाडतात; पण त्यांना जपानी मित्र कोण मिळवून देणार?)

जागतिक टपाल संघटना १९७१ पासून ९ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय पत्रलेखन स्पर्धा घेते. पालकांसाठी वेगळा गट तिने अजून काढलेला नाही. काढला तर सरावाची गरज पडणार नाही.