डॉलरच्या अलीकडे

शेलू स्टेशनाबाहेर उगवलेल्या नव्या इमारतींपैकी एकीत आमचे प्रॉम्प्टराव राहतात. हे नाव सोसायटीनं ठेवलेलं. प्रॉम्प्ट म्हणजे काळ्या पडद्यावर ‘बोला, काय हुकूम?’ असं विचारत उभी असलेली खूण. हुकूम ऐकणारा प्रोग्राम म्हणजे शेल. १९७९च्या बॉर्न शेलमध्ये ती खूण नुसता एक डॉलर होती आणि तेवढ्यावर जगाचं बरं चाललं होतं. रावांचं चालेना.

बॅश या शेलमध्ये ही खूण ‘पीएस१’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये राहते. उलटी तिरकी रेघ देऊन यू लिहिलं की आपलं नाव उमटतं, एच लिहिलं की यंत्राचं, डब्ल्यू लिहिलं की फोल्डरचा पत्ता. रावांनी तिन्ही घेतली. मग घड्याळ आलं, बॅटरी आली, कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटची शाखा आली, आधीचा हुकूम फसला तर पेटणारी लाल फुली आली. शेवटी कल्याणकडे जाणाऱ्या पुढच्या लोकलची वेळही आली. तिचा रंग ठरेपर्यंत ती लोकल पुढचं वांगणी स्टेशन ओलांडून गेलेली असते, ही गोष्ट वेगळी.

रंगांनी रावांना फार छळलं. रंगाचे संकेत ठरावीक कंसांत गुंडाळले नाहीत तर बॅश त्यांचीही रुंदी धरतो. मग लांब हुकूम खालच्या ओळीत न उतरता स्वतःच्याच डोक्यावर चढतो. ते निस्तरल्यावर रावांचा गावाभिमान जागा झाला आणि यंत्राच्या नावाजागी देवनागरीत ‘शेलू’ झळकलं. आता मात्रेनं श-च्या डोक्यावर बसायचं की शेजारच्या घरात, यावर शेल आणि टर्मिनलचं एकमत होईना. कर्सर दोन घरं सोडून लुकलुकत राहिला.

“पण दिसतंय कसं, ते बघा ना!” राव म्हणाले.

दिसत झकासच होतं. फक्त एंटर दाबलं की गिटची खबर गोळा करून येईस्तोवर चहाला आधण ठेवता येई. “प्रत्येक एंटरला ताजी माहिती मिळते,” रावांनी समजावलं.

“आणि मग त्यापुढे काय लिहिता?”

“लिहीन की. आधी हे बसू दे.”

ते बसतच नाही. बॅशचा कंटाळा आला म्हणून राव झेडशेलवर गेले. तिथं २००९ पासून चालत आलेल्या ‘ओह माय झेडशेल’मधल्या थीम एकेक अंगावर घालून पाहिल्या. आता रस्ट भाषेत लिहिलेला ‘स्टारशिप’ प्रॉम्प्ट आहे. प्रत्येक स्थलांतरात रंग पहिल्यापासून. आई स्वयंपाकघरातून म्हणते, “अरे, मांडवच किती सजवशील? लग्न लागू दे की एकदाचं!”

एवढं असून रावांची नोकरी शाबूत कशी, हे कोडं एकदा उलगडलं. ऑफिसच्या सर्व्हरवर कॉन्फिगरेशनला हात लावायला बंदी आहे. तिथं उघडाबोडका डॉलर. ना घड्याळ, ना शाखा, ना शेलू. त्याच्यापुढे बसले की राव खाली मान घालून तासाभरात दिवसाचं काम उरकतात आणि वर सहकाऱ्यांच्या चुकाही दुरुस्त करून देतात.

मी कौतुक केलं, तर त्यांचा चेहरा पडला.

“काय करणार हो?” राव म्हणाले, “तिथं दुसरं करण्यासारखं काही नसतंच!”