सेवावीर

सेवावीर उन्हाळ्यात येतो. पारा पंचेचाळीसच्या दिशेने निघालेला असताना तो इंदूरच्या बसमधून आमच्या निमाडातल्या मनावर गावच्या स्टँडवर उतरतो, पाठीवरची सॅक सावरतो आणि म्हणतो, "काका, किती ऑथेंटिक आहे हो इथे सगळं!" त्या वेळी समोर मोबाइल रिचार्जचं दुकान, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आणि सिमेंटच्या पोत्यांचा ट्रक एवढंच असतं.

मुळात त्याला मनावरला यायचंच नसतं. त्याला जायचं असतं फिजीला, नाहीतर व्हानुआटूला. निळं पाणी, नारळी आणि मधल्या वेळात गरिबांची सेवा. अशी सोय करून देणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्या सेवा करू देण्याचे डॉलरमध्ये पैसे घेतात. फुकट राबायला वर फी कशाला, हे त्याच्या वडिलांच्या पचनी पडत नाही. मग त्यांना आठवतं की घराण्यातली एक शाखा शिंदे-पवारांच्या काळात दप्तर बगलेत मारून इकडे आली आणि निमाडातच राहिली. फोन येतो, "तुमच्याकडे आदिवासी आहेत ना हो?" आहेत म्हटलं. "मग आमच्या बाळाला पाठवतो."

कधी बाळ येतं, कधी बेबी. तपशील बदलत नाही.

पहिल्या दिवशी तो जाहीर करतो की मला गावात, झोपडीत, लोकांसारखं राहायचंय. संध्याकाळी त्याला डास भेटतात. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्या माडीवर, कमोडच्या शेजारच्या खोलीत राहून झोपडीतल्या जीवनाविषयी लिहू लागतो. यात मी त्याला नावं ठेवत नाही. परंपरा मोठी आहे. मार्गारेट मीड 1925 साली, तेविसाव्या वर्षी, सामोआ बेटांवर तिथल्या मुलींचा अभ्यास करायला गेली, तेव्हा तिनेही मुक्काम ठोकला होता तो अमेरिकी नौदलाच्या दवाखान्यात, एका अमेरिकन कुटुंबाबरोबर. तरी 1928 साली आलेलं तिचं पुस्तक जगभर गाजलं. आमच्या बाळाचं अजून यायचंय.

खरी पंचाईत शाळेची. त्याला मुलांना शिकवायचं असतं आणि मे महिन्यात शाळेला कुलूप असतं. ही गोष्ट पुण्यातही खरी आहे, पण सेवेच्या संदर्भात ती कुणाला आठवत नाही. मग चक्रं फिरतात. सासुरवाडीला गेलेले हेडमास्तर किल्ली घेऊन परत येतात. शिपाई वर्ग झाडतो. अंगणवाडीच्या ताई घरोघर फिरून, लग्नाच्या मांडवातून आणि आंब्याच्या झाडावरून मुलं गोळा करतात. आमची ही पोह्यांचं पातेलं पाठवते, कारण पोह्यांशिवाय मुलं येत नाहीत. मी मोटारसायकलवर त्याची ने-आण करतो. एवढी तयारी झाली की बाळ मुलांना हात कसे धुवावेत ते शिकवतो. पाणी बाहेरच्या हापशावरून मुलंच भरून आणतात.

एकदा त्याने शाळेची भिंत रंगवली. हुकलेलं बेट मनातून जात नसावं, कारण समुद्र आला, वाळू आली आणि दोन डौलदार नारळी आल्या. मुलांनी ते चित्र बराच वेळ न्याहाळलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर दोन्ही झाडांच्या शेंड्याला कुणीतरी कोळशाने मडकी बांधली होती. इकडे कुक्षीच्या बाजूला ताड फार आणि ताडी त्याहून फार. मडकं नसलेलं झाड मुलांना अपुरं वाटलं. बाळाला ते फार आवडलं. फिजीत लोक कावा पितात तशी इथे ताडी, म्हणजे ही संस्कृतीच, असं म्हणून तो सकाळी ताजी ताडी प्यायला गेला आणि दुपारपर्यंत बसूनच राहिला. नंतर दोन दिवस हिने त्याला ताक-भातावर ठेवलं.

सगळ्यात बघण्यासारखी असते ती नर्मदाकाठच्या गावातली मुलाखत. बाळाला वाटतं, या लोकांना आजवर कुणी काही विचारलंच नाही. 1979 साली धरणाबाबत नर्मदा लवादाचा निवाडा आला तेव्हापासून या काठावर सरकारी मोजणीवाले, आंदोलनवाले, वार्ताहर, पीएचडीवाले आणि माहितीपटवाले यांची रीघ लागली आहे. 2017 साली आंदोलनाच्या मेधाताई पाटकर चिखलद्याला उपोषणाला बसल्या तेव्हा तर कॅमेरे मोजायची सोय नव्हती. त्यामुळे ओसरीवरचे बाबा या कामात मुरलेले असतात. बाळ वही उघडतो न उघडतो तोच ते विचारतात, "कौन-से इंस्टीट्यूट से हो, बेटा?" मग नाव, वय, जमीन, किती बुडाली, किती मिळाली, ही माहिती वहीतल्या रकान्यांच्याच क्रमाने येते. बाळ लिहिताना मागे पडला की बाबा थांबतात. डोळ्यांत पाणी येण्याच्या जागी थोडा वेळ देतात. दाल-पानिये खायला घालतात. शेवटी फोटोसाठी स्वतःच उठून उन्हाकडे तोंड करतात आणि जाताना सांगतात, "पिछली बार जो बिटिया आई थी, उसके सवाल अच्छे थे. उससे पूछ लेना."

जमीन मात्र पाण्याखालीच असते. त्याबद्दल कुणाचा काही प्रश्न उरलेला नसतो.

मुक्काम संपायच्या आदल्या रात्री बाळ सगळ्यांना एकेक फॉर्म देतो. संस्थेला पाठवायचा असतो, त्याशिवाय सर्टिफिकेट मिळत नाही. शेवटचा रकाना असतो : 'माझ्या येण्याने तुमच्या जीवनात कोणता ठोस बदल झाला?' हेडमास्तरांनी लिहिलं, 'सुट्टी कमी झाली.' मी रकाना रिकामाच सोडला होता. हिने चष्मा लावला आणि खरं तेच लिहिलं, की माडीवरच्या खोलीत कूलर बसवला.

अहवालात तो 'पायाभूत सुविधांचा विकास' या शीर्षकाखाली, फोटोसह आला आहे.