झाडलोटीची परदेशवारी

कराडलगतच्या मलकापुरातील एखाद्या सुखवस्तू घराण्याचे चिरंजीव उन्हाळी अभ्यासक्रमाच्या निमित्ताने जपानी विद्यापीठात दाखल होतात आणि तेथील शाळकरी मुले आपला वर्ग आपणच झाडतात हे पाहून त्यांना जो गहिवर येतो, त्याचे सविस्तर वृत्त छायाचित्रांसह जेव्हा घरी रुजू होते, तेव्हा ज्या मातोश्रींनी त्यांना उभ्या जन्मात केरसुणीला हात लावू दिला नाही, त्याच ते शेजारणींना साभिमान वाचून दाखवितात. विमानभाडे, शुल्क, वसतिगृह असा सारा जमाखर्च मांडूनही हे ज्ञान महाग पडले असे म्हणवत नाही. कारण परदेशातून आल्यावाचून श्रमाला आमच्याकडे प्रतिष्ठेची सनद मिळत नाही. याच कराड तालुक्यातील काले येथे १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तिच्या वसतिगृहांतील मुले झाडलोट, स्वयंपाक आणि शेतकाम स्वतःच करीत असत.