आवक, विसर्ग आणि नाना

जुलै-ऑगस्टातल्या कुठल्याही सोमवारी सकाळी नगरच्या सावेडीत एखाद्या कॉलनीतून चक्कर मारावी. एका बंगल्यासमोर चारही दारं सताड उघडी टाकून गाडी उभी असते, कंपाउंडवर पायाखालच्या मॅट वाळत असतात आणि पुढच्या दारातून दोन पाय बाहेर आलेले दिसतात. पायांत पट्ट्यापट्ट्याचा पायजमा. बाकीचे नाना डॅशबोर्डखाली असतात.

गाडी नानांची नसते. नानांनी जन्मात गाडी घेतली नाही. त्यांच्याकडे होती ती लूना, नगरच्याच कारखान्यात तयार झालेली. लूना बाजारात आली १९७२ साली, आणि थोरला दुष्काळही त्याच सालचा. त्यामुळे नाना तिला दुष्काळी बहीण म्हणत. "तिला छतच नव्हतं, तर गळणार काय? माणसाला छताची हौस आली आणि तिथून भानगड सुरू झाली."

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उमेदीची वर्षं गेली ती मुळा-प्रवरेच्या कालव्यांवर पाझर शोधण्यात. कालवे सुटले, भाषा सुटली नाही. गाडी समोर आली की पहिला प्रश्न, "आवक कुठून आहे?" दुसरा, "विसर्ग चालू आहे का?" गाडीवाला बावचळून मोबाइलवर भंडारदरा धरणाचा साठा बघायला लागतो.

तसा भंडारदऱ्याचा संबंध असतोच. नगर शहरात वर्षाकाठी पाऊस पडतो सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर. तेवढ्यात गाडीवरची धूळ भिजून तिचा चिखल होतो, इतकंच. गाडी गळकी आहे हे कळायलासुद्धा पाऊस लागतो! म्हणून माणसं दोन-तीन वर्षं सुखात असतात. मग एका शनिवारी सहकुटुंब अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला जातात. तिकडे घाटघर-रतनवाडीला चांगल्या सालात ५००० मिलिमीटरचा आकडा मागे पडतो. रंधा धबधबा बघून होतो, भजी होतात, आणि परतीच्या वाटेत मागच्या सीटवरून आजी म्हणतात, "अरे, माझ्या पायाशी कोणी पाणी सांडलं?"

रविवारी रात्री सिलिकॉनची नळी येते. नानांना सगळ्यात जास्त राग या नळीचा. गाडीवाला टॉर्च घेऊन जिथे म्हणून फट दिसेल तिथे ती पिळून मोकळा होतो. दाराच्या खालच्या कडेला तीन-चार भोकं दिसतात, तीही बुजवतो. वास्तविक काचेच्या कडेनं दाराच्या पोटात पाणी उतरणारच, हे कंपनीनं धरलेलंच असतं. ते खाली निघून जावं म्हणून तर ती भोकं. ती बुजवली की ब्रेक मारल्यावर दारातून डुबुक असा आवाज येतो.

"हिवरे बाजार केलंय गाडीचं," नाना म्हणतात. "पाणी अडवलंय. आणि हे कार्पेटखालचं फोम ते जिरवतंय. पुरस्काराला पाठवा."

ज्या जिल्ह्यात राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही गावं आहेत, तिथे थेंब अडवणं लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. नानांचा धंदा नेमका उलटा. पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं असतं. नाना गाडीवर नळीची धार धरतात ती पायथ्यापासून माथ्याकडे. आधी दाराची खालची कड, मग बिजागरी, मग काचेची चौकट, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या फटींवरून ओघळतं आणि चोर कोण ते कळत नाही. एका जागी पाच मिनिटं धार, तीही सौम्य. गाडीत शेजारचा मुलगा टॉर्च घेऊन बसवलेला. त्याच्या मांडीवर वर्तमानपत्र, रबराच्या कडेला टाल्कम पावडर फासलेली. पावडरीत ओघळ उठला की पोरगं ओरडतं, "नाना, आवक!"

एका डॉक्टरांच्या गाडीत छतातून पाणी ठिबकायचं. गॅरेजवाल्यानं सनरूफचं अख्खं रबर बदला म्हणून सांगितलं होतं. नानांनी छत उघडलं, कपभर पाणी कोपऱ्यातल्या पन्हळीत हळूच ओतलं आणि खाली वाकून चाकाजवळ बघत बसले. पाणी आलं नाही. सनरूफच्या रबरातून थोडं पाणी आत येणारच. ते पन्हळीत जमून कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांनी खाली उतरतं. ही गाडी वर्षभर कडुलिंबाखाली उभी. नळीत लिंबाची काडी आणि नगरची धूळ मिळून पक्कं धरण झालेलं. डॉक्टर लगबगीनं सायकलची तार घेऊन आले. नाना खेकसले, "तारेनं नळी आतल्या आत निसटली तर पुढच्या पावसाला डॅशबोर्डात कालवा वाहील. तुम्ही पेशंटला असंच करता का?" मऊ नायलॉनच्या दोरीनं अर्ध्या तासात धरण फुटलं. रबर तेच राहिलं.

वायपरखालच्या जाळीत साठलेला पालापाचोळा, मागच्या दिव्यामागचं वाळलेलं रबर, नवी म्युझिक सिस्टिम बसवताना वायर ओढायला पाडलेलं आणि तसंच सोडलेलं भोक, हे नानांचे नेहमीचे गुन्हेगार. एकदा मात्र भर मे महिन्यात बोलावणं आलं. आभाळ कोरडं ठणठणीत आणि ड्रायव्हरशेजारचा माणूस घोट्यापर्यंत ओला. नानांनी बोट बुडवलं, हुंगलं. गोडसर वास नाही, म्हणजे कूलंट नव्हे. एसीचं पाणी, बाहेर सोडणारी नळी तुंबलेली. निदानाला एक मिनिट लागलं. पण मे महिन्यातलं पाणी बघायला जमलेली गर्दी पांगायला तास लागला.

कधी गळती कुठली यावरून पतिपत्नींमधला तंटाही नानांपुढे येतो. काच गळते पुढची, ओलं होतं मागे, कारण गाडी चढावर उभी असते. "वर नगर-नाशिक, खाली जायकवाडी," नाना निकाल देतात. "पाणी खाली जाणारच. समन्यायी वाटप हवं असेल तर गाडी सपाटीवर लावा."

गळती सापडली तरी नाना गाडी लगेच देत नाहीत. सीट काढायला लावतात, फोम पिळतात, दोन दिवस उन्हात ठेवतात. ओला फोम तसाच राहिला तर आठवड्यात कुबट वास आणि महिन्यात पत्र्याला गंज, वर वायरींचे जोड हिरवे पडतात ते वेगळंच. पैसे घेत नाहीत. घेतात ते पाणी.

परवाच्या गाडीत डिकीची चटई उचलली, तर स्टेपनीच्या खड्ड्यात तळं. नानांनी मगानं मोजून बादलीत काढलं, साडेनऊ लिटर भरलं. नानींनी बादली फाटकातूनच ताब्यात घेतली, कारण तो नळाचा दिवस नव्हता. कढीपत्ता, जास्वंद, उरलेलं कुंडीतल्या कोरफडीला.

"दिव्यामागचं रबर बदललंस का रे?" नानांनी पोराला विचारलं.

"बदलतोय."

"थांब जरा," नानी आतून म्हणाल्या. "ते लोक येत्या शनिवारी पुन्हा भंडारदऱ्याला चाललेत ना?"