लेबर वेगळं

सॅन स्टॉर्म नावाची गाडी तुम्ही पाहिली नसेल, तर त्यात तुमचा काही दोष नाही. ती फार थोड्यांनी पाहिली आणि त्याहून थोड्यांनी विकत घेतली. बंगळुरूची सॅन कंपनी, जिचं मूळ काम रेल्वेची डिझेल इंजिनं बांधण्याचं, तिला 1998 साली स्पोर्ट्‌स कार काढायची इच्छा झाली. आराखडा फ्रेंच, इंजिन रेनोचं 1149 सीसीचं, ताकद जेमतेम 60 अश्वशक्ती, अंग फायबरचं, छत कापडी, बसायला दोघंच. आणि जन्म, सांगायला अभिमान वाटतो, गोव्यातला. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तिथे कापडी छताची गाडी जुळवायची याला धाडस म्हणतात. तीच गाडी माझ्या भाच्याने म्हातारपणी, म्हणजे गाडीच्या म्हातारपणी, विकत घेतली. याला काय म्हणतात ते माझी बहीण त्याला रोज सांगते.

घेताना त्याने मला विचारलं नाही. दुरुस्तीची मजुरी द्यायची वेळ आली तेव्हा मात्र मामा आठवला. त्यालाही कारण होतं. मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालो आणि माझी उभी हयात दरसूचीत गेली. कुठल्या कामाला किती माणसं, किती वेळ आणि किती पैसे, हे त्या पुस्तकात छापलेलं असतं. खणायची जमीन मऊ माती आहे, मुरूम आहे की कठीण खडक, त्यावर दर ठरतो. माल लांबून आणला तर ‘लीड’चे पैसे वेगळे, उंच चढवला तर ‘लिफ्ट’चे वेगळे. भाच्याची समजूत अशी, की ज्याला गटाराचा दर कळतो त्याला गाडीचाही कळत असणार.

गाडी आवाज करत होती. पुढून खरखर यायची आणि रेस केलं की तिची किंकाळी व्हायची. फर्मागुढीचा चढ चढताना लोक वळून बघायचे. ते गाडीकडे बघतात असं भाच्याला वाटायचं.

आधी तो एका काचेच्या गॅरेजात गेला. काचेचं म्हणजे जिथे गिऱ्हाईक एसीत बसतं आणि गाडी काचेपलीकडे, तसलं. तिथे प्रत्येक कामाचे तास आधीच ठरलेले. क्लच बदलायचा तर इतके तास, हेड उतरवायचं तर इतके. माणसाने लवकर उरको नाहीतर उशिरा, बिल छापील तासांचंच. पद्धत सरळ आहे, आमच्या दरसूचीची चुलत बहीणच. पण कॉम्प्युटरच्या यादीत सॅन स्टॉर्मचं नाव नव्हतं. त्या पोराने वरपासून खालपर्यंत दोनदा शोधलं आणि शेवटी ‘इतर’ या रकान्यावर बोट ठेवलं. ‘इतर’चे तास कुणी ठरवलेले नाहीत, म्हणून त्याने ठरवले. इंजिन खोलायला लागेल, लेबर 18 हजार, वर 18 टक्के जीएसटी, आणि खोलल्यावर काय निघेल ते निघेल. भाचा पाणी पिऊन परत आला.

मग कुणीतरी उसगावचा मेकॅनिक सुचवला. खनिजाच्या ट्रकांवर वाढलेला माणूस. ट्रकांच्या रांगा लागायच्या त्या काळात त्याच्याकडे पोरांची पलटण होती. 2012 साली खाणी बंद पडल्या, पोरं पांगली आणि हा हळूहळू मोटारींकडे वळला. भाच्याने मला बरोबर नेलं. मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो, कारण दुसरं काही बसण्यासारखं तिथे नव्हतं.

त्याने बॉनेट उघडलं. स्टॉर्म पाहून दचकला नाही, कौतुकही केलं नाही. हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, मूठ कानाला लावली, टोक चालत्या इंजिनाला टेकवलं आणि डोळे मिटले. आधी वॉटर पंपाला, मग आणखी कुठेतरी, मग अल्टरनेटरला. “मात्शें रेस कर,” भाच्याला म्हणाला. भाच्याने रेस केलं. ह्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, इंजिन बंद केलं, पट्टा काढला आणि क्षणभर चालू करून दाखवलं. आवाज गेला होता. “बेरिंग गेलां,” एवढंच बोलला.

पुढचं काम मात्र गमतीचं नव्हतं. अल्टरनेटर खालून काढायचा, गाडी जमिनीला घासून चालणारी, आणि दोन बोल्ट गंजाने असे बसलेले की त्यांना सोडवताना त्याने एकदाही जोर लावला नाही. तेल सोडून बिडी ओढायला गेला. परत आला, बोल्टाच्या डोक्यावर हलक्या हाताने ठोकलं, पुन्हा तेल सोडलं. मी म्हटलं, जरा दाबून बघा. तो म्हणाला, दाबला तर तुटेल, आणि हा तुटला तर दुसरा आणायला फ्रान्सला कोण जाणार, तुम्ही? बेरिंगवर नंबर कोरलेला होता, 6303. आतलं भोक 17 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 47, जाडी 14. जगात कुठेही 6303 म्हणजे हेच माप. फ्रेंच गाडीतलं ते बेरिंग फोंड्याच्या बाजारात मोटारसायकलवाल्यांच्या दुकानात मिळालं आणि त्याची किंमत सांगितली तर भाच्याच्या गाडीची अब्रू जाईल.

सगळं जोडल्यावर आवाज बंद. आता तो अवघड प्रश्न. किती झाले?

“तुमकां दिसतात तितले दियात.”

या वाक्याने गोव्यात जितकी माणसं घाम पुसत उभी राहिली असतील तितकी उन्हानेही राहिली नसतील. पूर्वी भटजी हे म्हणायचे. आता देवळांत फलक लागले आहेत, अभिषेक इतके, एकादष्णी इतके, कुणाला काही वाटून घ्यायची गरज नाही. वाटून घ्यायचं काम तेवढं गॅरेजात उरलं आहे. कमी दिले तर पुढच्या वेळी आपली गाडी रांगेत शेवटची. जास्त दिले तर घरी जाईपर्यंत आपणच आपल्याला शिव्या घालणार. फार आग्रह केल्यावर तो म्हणाला, दोन हजार.

भाचा मला बाजूला घेऊन गेला. “मामा, बिडी धरून दीड तास. बेरिंगपेक्षा लेबर कितीतरी पट!”

हा युक्तिवाद मी आयुष्यभर ऐकला आहे. मालापेक्षा मजुरी जास्त झाली की आपल्याला लुबाडल्यासारखं वाटतं. बेरिंग हातात धरता येतं, ओळखणं धरता येत नाही. 1878 साली लंडनच्या कोर्टात हेच भांडण झालं होतं. व्हिसलर नावाच्या चित्रकाराने एका चित्राचे 200 गिनी मागितले म्हणून रस्किन या टीकाकाराने त्याच्यावर झोड उठवली, आणि व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. वकिलाने विचारलं, दोन दिवसांच्या कामाचे एवढे पैसे? तो म्हणाला, नाही, जन्मभर मिळवलेल्या ज्ञानाचे. दावा तो जिंकला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा, आणि पुढच्या वर्षी त्याचं दिवाळं वाजलं. ही गोष्ट मी मेकॅनिकच्या बाजूने सांगितली. भाच्याला तिच्यातला फार्दिंग तेवढा आवडला.

मेकॅनिकने आमचं बोलणं ऐकलं असावं. ट्रकवाल्यांचं बरं होतं, तो हात पुसत म्हणाला. ट्रक उभा राहिला की ट्रीप बुडायची, ट्रीप बुडली की बँकेचा हप्ता. म्हणून ते म्हणायचे, रात्रीत दे आणि जास्त घे. मोटारवाल्यांचं उलटं. काम अकरा वाजता झालं तरी गाडी संध्याकाळी द्यावी लागते, नाहीतर त्यांना लेबर पचत नाही. हे त्याने तक्रार म्हणून नव्हे, हवामान सांगावं तसं सांगितलं.

फायबरची आणखी वेगळी तऱ्हा. मागे एकदा कडेला तडा गेला होता. टिंकरने हातोडी उचलली आणि खाली ठेवली. पत्रा असेल तर ठोकणार, फायबर कसं ठोकणार? शेवटी होड्या दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. काचेची मॅट, रेझिन, हार्डनर, सगळं त्याच्याकडे तयार. त्याने तड्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “उदका वयर काय उदका सकयल?” पाण्याखालचा भाग असेल तर त्याचा दर जास्त. भाचा हसला. मी जुलैतला फोंड्याचा रस्ता आठवला आणि म्हटलं, खाली धरा.

असो. त्या दिवशी मी भाच्याला म्हटलं, तुला हिशेब हवा ना, घे. मेकॅनिकच्याच वहीतला एक कागद फाडला आणि रीतसर अंदाजपत्रक केलं. दोष शोधणे, एक काम. अल्टरनेटर उतरवणे व चढवणे, जागा अडचणीची, लिफ्ट उणे. बोल्ट 2 नग, वर्गवारी: कठीण खडक. बेरिंग, फोंडा बाजार ते उसगाव, लीड. बोल्ट तुटण्याची जोखीम. ठेकेदाराचा नफा व वरखर्च 15 टक्के. आणि एक ओळ खास काचेच्या गॅरेजसाठी: इंजिन न खोलल्याबद्दल, जिची रक्कम मी रिकामी ठेवली, कारण ती लिहिली असती तर भाच्याला तिथेच भोवळ आली असती. तरीही बेरीज आली 3,147.

भाच्याने कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि न बोलता दोन हजार मोजले. मेकॅनिकने पैसे खिशात घातले, कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि विचारलं, लीड म्हणजे कितें? मी सांगितलं. लिफ्टही सांगितलं. “तो कागद हांगाच दवरात,” तो म्हणाला, आणि त्याने तो कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला.

गेल्या महिन्यात भाचा सायलेन्सर बांधून घ्यायला पुन्हा तिथे गेला. या वेळी किती द्यायचे हे त्याला वाटून घ्यावं लागलं नाही. बिल लेखी होतं, कार्बन कॉपीसह. क्लॅम्प 3 नग, कठीण खडक. लीड, धारबांदोडा ते उसगाव. सगळ्यात खाली, सुवाच्य अक्षरात: ‘मामांचा सल्ला, 15 टक्के.’